चिल्लरीतली टांकसाळीची चूक: तपासायची कशी आणि कोणत्या क्रमानं

चिल्लरीत वेगळं दिसणारं नाणं सापडलं की सोलापुरात ठरलेला क्रम दिसतो. आधी चिंच-मिठानं घासायचं, मग मोबाइलवर किंमत शोधायची, मग फ्लॅश मारून फोटो काढायचा आणि शेवटी कुणा जाणकाराला विचारायचं. हा क्रम पुरा उलटा आहे. घासलेल्या नाण्यावरचा पुरावा निघून जातो आणि आधी ऐकलेली किंमत डोक्यात बसली की डोळ्यांना तेच दिसू लागतं.

टांकसाळीची चूक ओळखताना प्रत्येक नाण्याला एकच प्रश्न विचारायचा: टांकसाळीतल्या नेमक्या कोणत्या कामात हे घडू शकतं? त्या कामाचं नाव सांगता आलं तर ती चूक. सांगता आलं नाही, तर नाणं बाहेर आल्यावर त्याला कुणीतरी किंवा कशानंतरी मार लागलाय. खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाच्या उत्तराकडे जाण्यासाठी आहेत. एकही गाळू नका आणि क्रमही बदलू नका.

## १. हात आवरा: घासणं बंद

चिंच, लिंबू, राखुंडी, पितांबरी, टूथपेस्ट, कोलगेटचा जुना ब्रश यातलं काहीही नाण्याला लावायचं नाही. टांकसाळीच्या ठोक्यात धातू दाबला जातो तेव्हा पृष्ठभागावर बारीक प्रवाहरेषा उमटतात. खरी चूक आणि नंतरची खाडाखोड यांतला फरक बहुतेक वेळा याच रेषांवरून कळतो. एकदा घासलं की त्या गेल्या, परत येत नाहीत.

देवघरातल्या किंवा दानपेटीतल्या नाण्यांवर हळद-कुंकू, तेल, बुक्का असतो. असं नाणं साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला आणि मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. डाग राहिला तर राहू द्या.

> थांबा: नाणं नेहमी कडेला धरा. सोलापूरच्या उन्हाळ्यात बोटांचा घाम स्टीलच्या नाण्यावर ठसा सोडतो आणि तो ठसा पुढे डाग होऊन बसतो.

## २. लागणारं सामान

सामान थोडं आहे, पण त्यातलं काहीही अंदाजावर भागत नाही.

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. सराफ आणि घड्याळजी वापरतात तसं.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा. नसेल तर ओळखीच्या सराफाकडे दोन मिनिटांत वजन करून मिळतं.
- व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर.
- लहान चुंबक.
- मान वळणारा टेबललॅम्प.
- मऊ टॉवेल. नाणं हातातून निसटतंच, खाली फरशी नको.
- वही आणि पेन्सिल.

मोबाइलचा कॅमेरा भिंगाऐवजी वापरू नका. झूम केल्यावर फोन स्वतःच कडा गडद करतो आणि नसलेली दुहेरी रेघ दाखवतो. ‘डबल छपाई’ म्हणून फिरणाऱ्या फोटोंमध्ये असे पुष्कळ असतात.

## ३. नाणी कुठून आणि किती

घरातला डबा, चहाची टपरी, एसटी स्टँडवरचे सुट्टे, पूर्व भागातलं ओळखीचं किराणा दुकान, मंगळवार बाजारातला भाजीवाला. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, पुढे पंढरपूरच्या वाऱ्या आणि वर्षभर अक्कलकोटची ये-जा, यामुळे आपल्या भागात चिल्लर सतत फिरत असते. दुकानदाराला नोट देऊन सुट्टे घ्यायचे, तपासायचे, साधी नाणी पुन्हा खर्चायची. एवढं पुरतं.

पोत्यानं नाणी साठवू नका. नाणे अधिनियम, २०११ नुसार नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे. दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या भावानं विकण्यासाठी गरजेहून फार जास्त नाणी जवळ बाळगण्यालाही या कायद्यात मनाई आहे. छंदासाठी बाजूला काढलेली मोजकी नाणी आणि घरात रचलेल्या थैल्या यांत फरक ठेवा.

दुकानदाराला सुट्टे परत देताना हेही लक्षात असू द्या: त्याच कायद्यानं एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात १००० रुपयांपर्यंतच वैध चलन ठरतात, तर ५० पैसे १० रुपयांपर्यंत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती तपासायला हरकत नाही, पण खर्चता येणार नाहीत.

## ४. आधी निर्दोष नाणं ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मूळ नाणं कसं असतं हेच माहीत नसेल तर प्रत्येक बदल चूक वाटतो. म्हणून संशयित नाण्याच्या शेजारी त्याच किमतीचं, त्याच मालिकेचं आणि जमल्यास त्याच सालाचं दुसरं नाणं ठेवा. जोडीदार नाण्याशिवाय पुढची एकही पायरी करू नका.

मग सालाजवळची टांकसाळीची खूण पाहा. मुंबईची खूण चौकट म्हणजे हिऱ्याचा आकार, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. त्यामुळे ‘खूण उमटायची राहिलेलं दुर्मिळ नाणं’ म्हणून लोक जे दाखवतात ते बहुतेक वेळा कोलकात्याचं अगदी साधं नाणं असतं. नोएडाच्या ठिपक्याला ‘धातूचा थेंब’ म्हणणारेही भेटतात. काही वर्षी नाणी परदेशातूनही पाडून आणली गेली. १९८५ च्या एक रुपयाच्या काही नाण्यांवर सालाजवळ ‘एच’ हे इंग्रजी अक्षर आहे, ती बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. तीही चूक नव्हे.

या गोष्टी चुका नाहीत, हे पाठच करून टाका:

- १० रुपयांवरच्या रेघा १० की १५: दोन वेगवेगळी डिझाइनं आहेत. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की तोवर १० रुपयांच्या नाण्याची १४ डिझाइनं निघाली होती आणि ती सगळी वैध आहेत.
- रुपयाचं चिन्ह नसणं: हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारलं गेलं आणि २०११ पासून नाण्यांवर आलं. त्याआधीच्या नाण्यावर ते कसं असेल?
- एक रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं: २००७ पासूनची नृत्यमुद्रांची मालिका.
- ५ रुपयांचं जाड आणि पातळ नाणं: जुनं तांबे-निकेलचं नाणं ९ ग्रॅमचं, २०११ च्या मालिकेचं ६ ग्रॅमचं. व्यास दोन्हींचा २३ मिमी, म्हणून फरक डोळ्यात भरतो.
- २ रुपयांचे कोपरे: नकाशावालं जुनं नाणं अकरा बाजूंचं आहे. ‘कड कापली गेली’ म्हणण्याआधी बाजू मोजा. २० रुपयांचं नाणं बारा बाजूंचं आहे.

> तपासा: तुमच्या नाण्यातला फरक वर आला का? आला असेल तर काम इथेच संपलं. नाणं खर्चून टाका.

## ५. वजन, व्यास, चुंबक

भिंग उचलण्याची घाई नको, आधी वजन करा. आकड्याला मोह नसतो.

- २ रुपये, २०११ ची मालिका: २५ मिमी, ४.८५ ग्रॅम
- ५ रुपये, २०११ ची मालिका: २३ मिमी, ६ ग्रॅम
- १० रुपये, २०११ ची मालिका: २७ मिमी, ७.७१ ग्रॅम
- २० रुपये: २७ मिमी, ८.५४ ग्रॅम

एक-दोन दशांश ग्रॅमच्या फरकाला चूक समजू नका. झीज असते आणि टांकसाळीलाही थोडी सवलत असते. मोठा फरक आला तर वजनकाटा जोडीदार नाण्यावर तपासा, मग पुन्हा वजन करा.

चुंबकानं धातू कळतो. स्टीलचे एक आणि दोन रुपये चुंबकाला चिकटतात. तांबे-निकेलचे जुने दोन आणि पाच रुपये चिकटत नाहीत, पिवळे पाच रुपयेही नाहीत. पिवळं पाचाचं नाणं चुंबकाला घट्ट चिकटलं तर ‘दुसऱ्या धातूच्या चकतीवर पडलेलं’ या स्वप्नात जाण्याआधी मुलामा आणि बनावट नाणं या दोन शक्यता तपासा. स्टीलच्या नाण्यावर पिवळा मुलामा देणं फार सोपं आहे.

> थांबा: वजन, अक्षरांची ठेवण आणि धातू तिन्ही बिघडलेलं नाणं बनावट असण्याची शक्यता जास्त. संशय आल्यावर ते पुढे चलनात ढकलू नका. बनावट आहे हे माहीत असताना खपवणं गुन्हा आहे. बँकेत दाखवा.

## ६. कड फिरवून पाहा

कड कुणी पाहत नाही आणि लबाडी तिथेच उघडी पडते. नाणं दोन बोटांत धरून दिव्याखाली पूर्ण एक फेरी फिरवा.

नाणं पाडताना कोऱ्या चकतीभोवती पोलादी कॉलर असते. ठोका बसला की धातू बाहेर पसरू पाहतो आणि कॉलर त्याला अडवते. कॉलर अर्धवट वर आली तर कडेवर गोल पायरी उमटते. कॉलर नसेलच तर नाणं पसरट, मोठं आणि पातळ होतं, छाप मात्र मध्यभागीच राहतो. व्यास वाढलेला आणि वजन बरोबर, ही त्याची खूण. हातोड्यानं चेपलेलं नाणंही पसरतं, पण त्याची अक्षरं चपटी होतात. कॉलरविना पडलेल्या नाण्याची अक्षरं टोकदारच असतात.

दातेरी कड असलेल्या नाण्याचे दाते गायब असतील तर आधी कानशीचे उभे-आडवे ओरखडे शोधा. जुन्या ९ ग्रॅमच्या पाच रुपयांच्या कडेला मधोमध नक्षीची खाच असते. ती नसेल तर नाणं बाजूला ठेवा, तपासण्यासारखं आहे.

## ७. ठसा फिरलाय का: ही पायरी हळू करा

ठसा म्हणजे नाण्यावर छाप उमटवणारा साचा; तो जागेवर फिरला की नाण्याची एक बाजू दुसरीच्या तुलनेत कललेली दिसते. नवख्या माणसानं शोधायला सुरुवात करावी ती फिरलेल्या ठशापासून, असं माझं ठाम मत आहे. भिंग लागत नाही, खाडाखोड करून हा प्रकार बनवणं अवघड आहे आणि चिल्लरीत तो खरोखर सापडतो. पण याच प्रकारात सर्वांत जास्त खोटे दावेही होतात, कारण लोक नाणं चुकीच्या दिशेनं उलटतात.

1. सिंहमुद्रेची बाजू समोर घ्या. सिंह अगदी सरळ उभा करा.
2. अंगठा नाण्याच्या खालच्या टोकाला, तर्जनी वरच्या टोकाला.
3. आता नाणं उजवीकडून डावीकडे वळवा, पुस्तकाचं पान उलटतो तसं. वरची आणि खालची टोकं बोटांतून सुटता कामा नयेत.
4. मागचा आकडा सरळ उभा दिसला तर नाणं निर्दोष.

नाणं वरून खाली, कॅलेंडरचं पान पलटल्यासारखं उलटलं तर आपलं प्रत्येक चलनी नाणं १८० अंशांत फिरलेलं दिसेल. ‘माझ्याकडे उलट्या ठशाची डबाभर नाणी आहेत’ असं कुणी म्हणालं की हातच उलटा फिरतोय हे समजावं.

> तपासा: हीच कृती जोडीदार नाण्यावर करा. तेही उलटं दिसलं तर दोष तुमच्या पलटण्याचा.

कोन मोजायला कागदावर घड्याळाची तबकडी काढा. आकड्याचा माथा १ वर गेला तर ३० अंश, ३ वर गेला तर ९०, ६ वर गेला तर १८०. पाच-दहा अंशांचा कल चिल्लरीत नेहमीचा आहे, त्याची नोंदही करू नका. ४५ अंशांच्या पुढचा फरक मात्र जपून ठेवण्यासारखा.

१० आणि २० रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यांसाठी एक जास्तीची तपासणी लागते. त्यात कडं आणि गाभा एकत्र ठेवून दोन्हींवर एकाच ठोक्यात छाप उमटतो. म्हणून ठसा फिरला तर त्या बाजूचं सगळं मिळून फिरेल. दहा रुपयांवर कड्यावरची ‘भारत’ ही अक्षरं जागेवर आणि फक्त मधला सिंह कललेला, असं दिसलं तर गाभा नंतर कुणीतरी ढकलून फिरवलाय. असं नाणं टांकसाळीतून येऊच शकत नाही. हे नाणं घेऊन येणाऱ्यांना नाराज करावं लागतं, पण इथे दुसरं उत्तरच नाही.

## ८. भिंगाखाली एकच प्रश्न: उठाव की खोली?

दिवा बाजूनं, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवा. नाण्यावरची संशयित रेघ वर आलेली आहे की आत गेलेली, एवढंच ठरवा. ठरत नसेल तर नाणं फिरवून सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहा. शेजारच्या अक्षरांसारखीच पडत असेल तर उठाव, उलट पडत असेल तर खोली. बोटानं किंवा नखानं चाचपू नका.

ठशाला तडा गेला तर ठोक्याच्या वेळी धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. ठशाच्या कडेचा तुकडाच उडाला तर कडेला लागून धातूचा सपाट उंचवटा दिसतो आणि तिथलं डिझाइन गायब असतं. उलट ओरखडा, खिळ्याची रेघ, दगडाचा मार नाण्यात नेहमी आत जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उसवलेल्या धातूची बारीक वळी दिसते.

सालातला एखादा अंक पुसट असेल तर त्या जागेची पोत पाहा. ठशातल्या खोलगट आकड्यात वंगण आणि धातूची भुकटी साचली की तो आकडा नीट उठत नाही. तिथली जमीन आजूबाजूसारखीच दिसते आणि आकड्याचा फिकट माग बहुधा राहतो. अंक तासून काढला असेल तर तिथे चकाकी वेगळी, एका दिशेचे ओरखडे आणि किंचित खड्डा सापडतो.

‘डबल छपाई’ म्हणून दाखवली जाणारी बहुसंख्य नाणी यंत्राच्या थरथरीची असतात. ठोका बसून ठसा मागे सरकताना किंचित हलला तर अक्षराची एक बाजू घसटून सपाट पायरीसारखी होते. यात मूळ अक्षर बारीक होतं. ठशावरच अक्षर दोनदा कोरलं गेलं असेल तर अक्षर जाड होतं आणि टोकाशी दुभंगलेलं दिसतं. पहिल्या प्रकाराला संग्राहक मोल देत नाहीत.

## ९. चुकीची जागा ठरवा

आता मूळ प्रश्नाकडे या. टांकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापल्या जातात, त्या तापवून मऊ होतात, त्यांची कड दाबून उचलली जाते, मग दोन ठशांमध्ये कॉलरच्या आत ठोका बसतो. चूक यातल्या एका जागेची असलीच पाहिजे.

### चकतीची चूक

सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे कड कापलेलं नाणं. लाटलेल्या पोळीतून वाटीनं पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली तर पुरीला चंद्रकोरीचा घास पडतो. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर चकतीचं हेच होतं. हे नाणं खरं आहे का, हे तीन गोष्टींवरून ठरतं आणि तिन्ही लागतात.

पहिली, वजन कापलेल्या भागाच्या प्रमाणात कमी हवं. दुसरी, कापाजवळची अक्षरं कापाकडे ओढली गेलेली, विरळ झालेली हवीत, कारण कापानंतर ठोका बसला आणि धातू मोकळ्या जागेकडे पसरला. अक्षर धारदार कापलेलं असेल तर काप ठोक्यानंतरचा आहे, म्हणजे छिन्नी किंवा कात्रीचा. तिसरी गोष्ट सर्वांत भरवशाची: कापाच्या बरोबर समोरची कड दबलेली, अस्पष्ट हवी. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. नाणं कापून फसवणाऱ्याला हे सहसा साधत नाही.

पृष्ठभागाचा पापुद्रा सुटलेला असणं हीही चकतीची चूक. पापुद्रा ओढून पाहू नका.

### ठशाची चूक

तडा, तुकडा उडणं, साचलेलं वंगण, फिरलेला ठसा. यांची मोठी खूण अशी की तोच ठसा पुढची कितीतरी नाणी पाडत राहतो, त्यामुळे भावंडं सापडतात. एकाच सालाच्या, एकाच टांकसाळीच्या दुसऱ्या नाण्यावर तीच रेघ त्याच जागी दिसली तर शंका संपली. भावंडांवर तडा क्रमाक्रमानं लांबत गेलेला दिसला तर तो संच एकत्र ठेवा. माझ्या दृष्टीनं सुट्या एका नाण्यापेक्षा असा संच जास्त मोलाचा.

### ठोक्याची चूक

चकती ठशाखाली नीट बसली नाही तर छाप एका बाजूला सरकतो आणि दुसऱ्या बाजूला कोरी चंद्रकोर राहते. कोऱ्या भागाला उठलेली नीट कड नसते. एकच बाजू थोडी सरकली आणि दुसरी जागेवर असेल तर एक ठसा वाकडा बसलाय. हा प्रकार फार सापडतो, म्हणून त्याचं अप्रूप थोडं.

आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्यावर दाबली गेली तर एका बाजूला नेहमीचा छाप आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप आत गेलेला आणि आरशातल्यासारखा उलटा उमटतो. संग्राहक याला ब्रोकेज म्हणतात, आपल्या बाजारात ‘लखी’ हे नाव चालतं. याचीच नक्कल वर्कशॉपमधल्या शिकंज्यात दोन नाणी दाबून होते. ती पकडणं सोपं आहे. नकलेत दबलेल्या उलट्या छापाखाली मूळ डिझाइनचे अवशेष राहतात आणि पाठीमागची बाजू चपटी होते. खऱ्या ‘लखी’त त्या बाजूला मूळ डिझाइन कधी पडलेलंच नसतं.

> तपासा: वहीत एका वाक्यात लिहा: ‘ही चूक अमुक कामात, अमुक कारणानं झाली.’ वाक्य पुरं होत नसेल तर पुढची पायरी नीट वाचा.

## १०. आपल्या भागात वारंवार येणारी खोटी नाणी

- रुळावर ठेवलेलं: लांबट, लाटलेलं, अक्षरं ताणलेली, कड पातळ.
- चंद्रभागेतून निघालेलं: वाळू-पाण्यात झिजलेलं, खडबडीत, कधी पातळ आणि हलकं. ‘अर्धवट छपाई’ म्हणून विकलं जातं. झीज उंच भागावर सर्वांत जास्त असते; अपुऱ्या ठोक्यात मात्र उंच भागावर कोऱ्या चकतीची मूळ पोत शिल्लक राहते.
- जळलेलं: काळं-निळं, फुगलेलं. होळी, होम किंवा भट्टीतून आलेलं.
- गाभा काढलेलं दहाचं: भोकाच्या आत हत्याराच्या खुणा आणि बाहेर वळलेली धार. कड्यावर ठोका गाभ्यासकट बसलेला असतो, म्हणून डिझाइन भोकाच्या धारेपर्यंत स्पष्ट दिसतं.
- दोन्ही बाजूंना काटा: दोन नाणी तासून चिकटवलेली. कडेच्या आत जोड शोधा, वजन करा.

## ११. फोटो आणि नोंद

फ्लॅश बंद. सकाळी खिडकीजवळचा उजेड उत्तम, दुपारचं आपल्याकडचं ऊन फोटो पांढराफटक करतं. नाणं पांढऱ्या कागदावर, फोन त्याच्याशी समांतर, प्रकाश डाव्या वरच्या बाजूनं. चार फोटो पुरे: दोन्ही बाजू, कड आणि जोडीदार नाण्यासोबत एक. फिरलेल्या ठशाचा व्हिडिओ काढा, पलटण्याची कृती त्यात सलग दिसली पाहिजे.

नोंदीचा नमुना असा: किंमत, साल, टांकसाळीची खूण, वजन, व्यास, चुंबक लागतो की नाही, कुठल्या चिल्लरीत मिळालं, चुकीची जागा, तुमची खात्री किती. शंका असेल तर ‘शंका’ असं स्पष्ट लिहा. वर्षभरानं तीच नोंद उपयोगी पडते.

## १२. ठेवायचं कसं

पारदर्शक खिडकीचे पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर वापरा. स्टेपल मारल्यावर पक्कडीनं पिना चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा पडतो. नाणं बाहेर काढायचं झालं तर सगळ्या पिना आधी काढा.

मऊ, वासाचं पीव्हीसी प्लास्टिक नको. त्यानं नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. सेलोटेप, फेविकॉल, रबरबँड नको. देव्हाऱ्यातल्या कापराच्या डबीशेजारीही नको. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात डबा ठेवू नका, होल्डरचा डिंक वितळून नाण्यावर येतो.

## १३. किंमत, सगळ्यात शेवटी

छोट्या चुकांना बाजारात मोल थोडंच असतं: किंचित सरकलेला छाप, बारीक तडा, वंगण साचून पुसट उठलेलं अक्षर. पुष्कळ वेळा दर्शनी किमतीच्या थोडं वर. मोठ्या कोनात फिरलेला ठसा, मोठा काप, खरं ‘लखी’ यांची गोष्ट वेगळी. भाव पाहताना विक्रेत्यानं मागितलेली रक्कम धरू नका. लिलावात प्रत्यक्ष विकलेल्या नाण्याची रक्कम पाहा, तीही त्याच प्रकारच्या आणि त्याच अवस्थेच्या नाण्याची.

वैष्णोदेवीच्या प्रतिमेचं पाच किंवा दहाचं नाणं लाखांना जातं, अशा जाहिराती फिरत असतात. ते २०१२ चं स्मारक नाणं आहे, त्यात चूक काहीच नाही. ‘नोंदणी फी भरा, कर भरा, मग आम्ही नाणं घेतो’ असं सांगणारा माणूस पैसे उकळायलाच आलेला असतो. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे व्यवहार चालतात याचा इशारा बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण नसतो आणि कुठलंही कमिशन मागत नाही, असं तिनं सांगितलं आहे. ओटीपी, खातं क्रमांक, आधारचा फोटो कुणालाही देऊ नका.

विकायचंच असेल तर नाणे प्रदर्शनात निदान दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा. वजनाची नोंद आणि फोटो सोबत न्या. नाणं होल्डरमधून काढू देऊ नका, काढावं लागलं तर तुमच्यासमोर आणि टॉवेलवर. पहिल्यानं सांगितलेला भाव दुसऱ्याला सांगू नका.